बारा नंबरचं सुतक

३ फेब्रुवारी २०१३, रविवार

आज लाईट गेली नाही! दहा ते साडेदहा, सलग. 'ध्रुवयान'चा पूर्ण भाग बघायला मिळाला. भाग ५५८.

संपल्या संपल्या वहीत चार ओळी टिपून घेतल्या. नाहीतर आत्यांपर्यंत पोचेस्तोवर काहीतरी निसटतं, आणि आत्यांना निसटलेलं बरोबर कळतं. "मधला एक तुकडा खाल्लास तू," म्हणतात.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, महिन्यापासून उमापूरच्या रस्त्याला दूध संस्थेच्या चारा छावणीत आहेत. एक गाय, एक म्हातारा बैल आणि त्या. विहीर दिवाळीलाच आटली, कडबा संपला, दुसरा इलाज नव्हता. छावणीचा नियम असा की जनावरामागं घरचं माणूस पाहिजेच. दिवसातून तीनदा हजेरी. माणूस दावणीला दिसलं नाही की त्या दिवसाचा ऊस आणि पेंड बंद. हे पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. मी सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या केंद्रावर दूध मोजायला. पोरगी गेवराईला शिकायला. राहिल्या आत्या. अर्ध्या तासासाठीही घरी येऊ शकत नाहीत, आणि छावणीत टीव्ही नाही.

म्हणून रविवारी साडेअकराच्या टेम्पोनं मी डबा घेऊन जाते आणि भाग सांगून येते. आज गेले तर आत्यांच्या शेजारी साखराबाई आणि सात-आठ बाया आधीच बसलेल्या. साखराबाईंची दावण आमच्या शेजारची. मी सगळं नीट पहिल्यापासून सांगितलं — पृथ्वी सोडून नवी जागा शोधायला निघालेली तीनशे माणसं, कॅप्टन इरावती, यंत्रमाणूस बारा नंबर. सगळं ऐकून साखराबाईंनी विचारलं, "आगं, पर त्या गाडीत शेन कुठं टाकत्यात?"

यानात जनावरं नाहीत म्हणून सांगितलं. तर म्हणे, "मग तीनशे मान्सं दुधाबिगर कावून ऱ्हात्यात?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही याचाच जास्त राग आला.

६ फेब्रुवारी, बुधवार

हे जेवताना म्हणाले, "त्या गाडीला डिझेल कितीनं पडतं, इचार जरा." मी भाकरी न विचारताच उचलून ठेवली.

१० फेब्रुवारी, रविवार

भाग ५५९. ठीक. जरा रेंगाळला.

येताना टेम्पोत आठवत होतं. मी लग्न होऊन आले तो २००२ चा उन्हाळा. आत्या कमी बोलायच्या. रागानं नाही, स्वभावच तसा. सकाळी "पानी आनलं का," संध्याकाळी "दिवा लावला का," बस्स. मला वाटायचं मी पसंत नाही. मग एका रविवारी ध्रुवयान सुरू झालं. मी भिंतीला टेकून बघत होते, आत्या तांदूळ निवडत होत्या. पंधरा मिनिटांनी मान वर न करता म्हणाल्या, "ही गाडी कुठं चाल्ली?"

मी सांगितलं. त्यांनी अजून एक विचारलं. मी अजून सांगितलं. त्या दिवशी तांदळात खडे राहिले आणि मामंजी जेवताना ओरडले, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं बघून पहिल्यांदा हसलो.

तेव्हापासून आमचं जे काही मनातलं बोलणं झालं ते त्या गाडीवरूनच झालं. मामंजी गेले तेव्हासुद्धा आत्या माझ्यापाशी रडल्या नाहीत. तीन महिन्यांनी कॅप्टनचा भाऊ वारला त्या भागाला रडल्या, आणि मी पाठीवरून हात फिरवला. कुणाला सांगितलं तर हसतील. म्हणून इथं लिहिते.

बारा नंबर त्यांचा सगळ्यात लाडका. बाराचं त्यांनी बारक्या केलं. बारक्या कमी बोलतो, काम जास्त करतो, आणि कुणी शाबासकी दिली तर तिथून निघून जातो. मी एकदा म्हटलं, "आत्या, हा अगदी तुमच्यासारखा हाय." तर तिथून निघून गेल्या.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सर्जा गेला. पहाटे बसला तो उठलाच नाही. सतरा वर्षांचा बैल, पण आमच्या घरात सगळ्यांत कमी कटकट त्याचीच होती.

दूध केंद्र लवकर बंद करून गेले. आत्या सुटलेलं दावं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. धर्मराज — छावणीत हजेरी मांडतो तो — खाली मान घालून आला आणि वहीतून एक जनावर कमी करून गेला. आत्यांनी पाणी घेतलं, जेवण नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

मी आज काय करून बसले!

भाग ५६०. बारा नंबर मेला.

यानातली वीज संपत आली. पाणी तयार करणारं यंत्र बंद पडायच्या बेतात. तर बारा नंबरनं स्वतःच्या छातीतला सेल काढला आणि त्या यंत्रात बसवला. स्वतःच्या हातानं. काढायच्या आधी पोरांची पाण्याची भांडी ओळीत लावून ठेवली. मग तिथंच भिंतीला टेकून विझला. मी घरात एकटी, मोठ्यानं रडले. अकरा वर्षांचा माणूस तो. यंत्र असला म्हणून काय झालं.

मग डबा घेऊन निघाले. टेम्पोत वाक्य जुळवत होते, कसं सांगायचं. तिथं गेले तर आत्या शुक्रवारपासून जेवलेल्या नाहीत. डोळे आत गेलेले. मी बसायच्या आधीच म्हणाल्या, "बारक्या कसा हाय?"

मी म्हटलं, "बेस हाय."

तोंडातून गेलं ते गेलं. मग पुढचं रचावंच लागलं. म्हटलं, त्यानं सेल काढला, पण कॅप्टननं दुसरा जुना सेल शोधून वेळेवर बसवला. आत्यांनी मोठा श्वास सोडला. "गुनाचं लेकरू हाय ते," म्हणाल्या. आणि डबा उघडला. दीड भाकरी खाल्ली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मी ती बाई आहे जिनं सख्ख्या नणंदेशी दोन महिने अबोला धरला होता, का तर ती म्हणाली कॅप्टनचं गाव दुसऱ्या भागात सांगितलं. तिसऱ्या भागात सांगितलंय. आणि मीच आता मेलेल्याला जिवंत करून आले.

आत्या जेवू लागल्या की एखाद्या रविवारी हळूच सांगून टाकीन.

२४ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं नाही.

टीव्हीवर बारक्याशिवाय चालू आहे, आणि मला छावणीत प्रत्येक प्रसंगात त्याला घुसवावं लागतंय. आज कॅप्टन एकटी दगडाच्या वादळातून गेली. मी बारक्याला तिच्या मागं पाठवला. नुसता मागं ठेवून कसं चालेल, म्हणून एक दगड त्याला अडवायला दिला. आत्या म्हणाल्या, "बगा, मी म्हनलं न्हवतं का." साखराबाईंनी तर टाळी वाजवली.

३ मार्च, रविवार

पकडले गेले!

भाग सांगून उठले तर धर्मराज पेंडीच्या पोत्यांपाशी उभा. "वैनी, आमच्या घरी बी टीव्ही हाय म्हनलं. बारा नंबर तर कवाच गेला की."

माझं तोंड उतरलेलं बघून हसला. मग म्हणाला, "बैल मेला त्या हप्त्यात सुरू केलं व्हय तुमी हे?" मी मान हलवली. तो म्हणाला, "माज्याकडून न्हाई कळायचं. पर वैनी, तुमचा भाग टीव्हीपेक्षा बरा असतोय. तिकडं आता नुसतं बोलत्यात."

मालिकेचा अपमान आहे हा, असं आधी वाटलं. घरी येईपर्यंत दोनदा हसू आलं.

१७ मार्च, रविवार

आता तीसेक बाया असतात, कडेला चार-दोन बाप्ये, ऐकत नसल्यासारखे तंबाखू मळत. पेपरात आलं होतं, परळीचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद. साखराबाई म्हणाल्या, "त्या बारक्याला धाडा की परळीला." सगळ्या छावणीला बारक्या ठाऊक झालाय. एका वासराचं नावच बारक्या ठेवलंय.

खरं लिहिते, इथं कुणाला फसवायचंय. मला मजा येते. शनिवारपासून डोक्यात चालू असतं, उद्या त्याला काय करायला लावू. काल दुधाची फॅट दोनदा चुकीची लिहिली.

आणि आत्या! आत्या हसतात. मोठ्यानं, मागं रेलून. लग्नाला अकरा वर्षं झाली, आत्यांचे दात मी पहिल्यांदा या छावणीत मोजले.

२८ मार्च, गुरुवार

दोन बातम्या. दोन्ही वाईट.

एक — ध्रुवयान संपणार. २१ एप्रिलला शेवटचा भाग. टीव्हीवर पट्टी फिरत होती, तीन वेळा वाचली. अकरा वर्षं! सणावाराला, आजारपणात, पोरगी झाली त्या आठवड्यातसुद्धा दवाखान्यातल्या वॉचमनच्या टीव्हीवर बघितलं. उगाच भांडी परत घासली.

दुसरी — संस्थेचे चेअरमन अर्जुनराव संध्याकाळी केंद्रावर आले. लई खुशीत. "अंजनाबाई, तुमच्या त्या मालिकेचं लई आयकलं. शेवटच्या भागाला संस्थेचा टीव्ही छावणीत लावायचा ठराव घेतलाय. डिशची छत्री, जनरेटर, समदं. बायांना तेवढाच आनंद."

मी म्हटलं, जनरेटर कशाला, उगाच खर्च. म्हणाले, "आवो, तुमच्यासाठीच तर."

आता काय करू.

३१ मार्च, रविवार

सांगायचंच ठरवून गेले होते. आत्यांना बाजूला घेतलं, म्हटलं, "आत्या, एक बोलायचंय." त्या म्हणाल्या, "मला बी." आणि पदराआडून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "तू यितीस म्हनून आठवडा कटतोय बग," म्हणाल्या.

अकरा वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. गूळ तोंडात टाकला. मी कसली सांगतेय.

४ एप्रिल, गुरुवार

धर्मराजनं तोड काढली. "त्याला कुठंतरी धाडून द्या, वैनी. शेवटच्या भागात दिसला न्हाई तरी कुनी इचारायचं न्हाई."

वाईट नाही. बारक्या छोट्या यानातून पाण्याची जागा बघायला पुढं जातो. शेवटच्या भागात तो नसेल, कारण तो पोचलेला नसेल. झालं. खोटं आहे, पण कुठं टोचत नाही.

११ एप्रिल, गुरुवार

पाडवा. आत्यांनी दावणीच्या बांबूलाच गुढी बांधली. लिंबाचा पाला कुठून मिळवला देव जाणे, सगळीकडं पाचोळा आहे.

बसल्या बसल्या म्हणाल्या, "सर्जा गेला तवा मला वाटलं, आता माजं बी झालं. गायीला देऊन टाकावं कुनाला आन पडून ऱ्हावं. मग तू सांगितलंस बारक्या वाचला. म्हनलं, त्यो काळजातला सेल काढून बी उटला, तर मी कावून बसू."

म्हणजे हे एवढं मोठं होऊन बसलंय! आत्या ज्याच्या जोरावर उठल्या ते मी रचलेलं आहे, आणि दहा दिवसांनी टीव्ही येतोय.

१४ एप्रिल, रविवार

पाठवला बारक्याला. आत्या नाराज. "एकट्याला कावून धाडलं? संगं कुनीच न्हाई?" मग जरा वेळानं, "डबा तरी दिला का?" यंत्राला डबा लागत नाही हे मी त्यांना सांगू शकले नाही. म्हटलं, दिला.

२१ एप्रिल, रविवार

लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

टीव्ही गव्हाणीवर फळी टाकून ठेवला होता. शंभरेक माणसं. अर्जुनरावांनी दोन शब्द सांगितले, म्हणजे पंधरा मिनिटं. आत्या सगळ्यांत पुढं, डोक्यावरून पदर घेऊन, लग्नाला बसल्यासारख्या. मी मागं, धर्मराजशेजारी.

सुरुवातीची वीस मिनिटं चांगली गेली. यान उतरलं. नदी दिसली. इतकं पाणी दाखवलं की कुणीतरी "आरं देवा" म्हटलं. बारक्या नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मी मनात म्हटलं, निभलं.

मग कॅप्टन नदीकाठी गेली. तिच्या हातात पत्र्याची पाटी, पाटीवर बारा आकडा. पाटी वाळूत रोवली. आणि तो जुना प्रसंग परत दाखवला. सगळा. पोरांची भांडी ओळीत. छातीतला सेल. भिंत. विझणं. कॅप्टन म्हणाली, नऊ आठवडे झाले तुला जाऊन.

नऊ आठवडे. इतकं स्पष्ट.

साखराबाई मागं वळल्या. "अंजने, आगं, तू तर म्हनलीस पानी बगाया गेला!" मग सगळ्याच वळल्या. आत्या तेवढ्या वळल्या नाहीत. भाग संपेपर्यंत बसल्या. संपल्यावर उठल्या, बादली घेतली आणि गायीकडं गेल्या. मी मागं गेले, हाक मारली. पाठमोऱ्याच राहिल्या.

अकरा वर्षं वाट बघितलेला शेवट मला नीट दिसलाच नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

हे टँकर घेऊन छावणीवरून आले. माझा काल पाठवलेला डबा तसाच परत. विचारलं, काही म्हणाल्या का. "हजेरीला हाय. बोलत न्हाई." मग म्हणाले, "काय केलंस गं तू?" पहिल्यांदाच टिंगल न करता बोलले.

२५ एप्रिल, गुरुवार

राहवलं नाही. केंद्रावर दुसऱ्या बाईला बसवून गेले. आत्या उसाचे तुकडे करत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. सर्जा गेला होता, तुम्ही जेवत नव्हता, माझ्या तोंडून निघून गेलं. चुकले.

त्यांनी कोयता खाली ठेवला.

"तू खोटं बोललीस त्येचं न्हाई काई. घरात मानूस खोटं बोलतंय. पर आगं, त्यो मेला, आन मी दोन म्हैने दात काढून हासत बसले. त्येचं सुतक न्हाई, त्येच्या नावानं वंजळभर पानी न्हाई. सर्जाचं बी मी समदं केलं. ह्येचं कुनी केलं?"

अकरा वर्षं मला वाटायचं, या मालिकेवर माझ्याइतका जीव कुणाचा नाही. मी भागांचे आकडे पाठ केले. आत्यांनी माणूस घरातला मानला.

"आता जा," म्हणाल्या. "मला सुतक हाय."

२८ एप्रिल, रविवार

दहा वाजता टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. छावणीवर गेले नाही. डबा ह्यांच्याजवळ दिला.

३ मे, शुक्रवार

धर्मराज केंद्रावर येऊन सांगून गेला. आज तेराव्या दिवशी आत्यांनी छावणीतल्या गाई-वासरांना गुळाच्या घुगऱ्या घातल्या. साखराबाईंनी विचारलं कुणाच्या नावानं. "हुता एक गुनाचा," म्हणाल्या. दोन महिने उशिरा कळालं तरी दिवस करावेच लागतात, असंही म्हणाल्या म्हणे. कुणी हसलं नाही. आपणही हजेरीच्या वहीतून डोकं वर काढलं नाही, असं धर्मराज म्हणाला, पण घुगऱ्या खाल्ल्या.

मी इथं बसून थोड्या शिजवल्या. एकटीनंच खाल्ल्या.

५ मे, रविवार

डबा घेऊन गेले. लांबूनच गर्दी दिसली. वाटलं, कुणाचं जनावर गेलं.

मी बसायचे त्या उलट्या घमेल्यावर आत्या बसल्या होत्या. सांगत होत्या. माझ्या आत्या! हातवारे करून!

"टीव्हीवाल्यांनी मान्सं नदीकाटी उतरवली आन संपलं म्हनले. संपतंय कशानं? रान काढायचंय, पेरायचंय, गाडी नीट करून ठिवायचीय. त्या गाडीत एक बाई हाय बगा, मशीन दुरुस्त करनारी. टीव्हीत ती दाखवलीच न्हाई. बारक्या मेला तवा पोरं रडतील म्हनून ह्या बाईनं सांगितलं, त्यो पानी बगाया गेला. लई खोटारडी बाई. पर तिच्याबिगर त्या गाडीचं पान हालत न्हाई."

शंभर डोळे माझ्याकडं वळले. साखराबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आत्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. नुसतं सरकून घमेल्यावर अर्धी जागा केली.

"बस," म्हणाल्या. "आन चुकलं तर टोकू नगंस. माजा भाग हाय ह्यो."